धातूची म्हणून विकलेली रेझिनची पलटण

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर गोव्यात टेबलावरच्या युद्धखेळाच्या २८ मिमी उंचीच्या रंगवलेल्या छोट्या सैनिकांचा (यांना 'फिगर' म्हणतात) एक मोठा लॉट विकला गेला. ज्या दोन खेळाडूंनी तो मिळून घेतला, ते पुरते फसले. तसाच आणखी माल वेगळ्या नावानं आणि वेगळ्या फोटोंसह आता बाजारात फिरतोय, म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत. विक्रेत्याचं नाव इथं देत नाही, कारण प्रकरण पोलिसांकडे आहे. माल कसा ओळखायचा तेवढं सांगतो.

लॉट होता असईच्या लढाईचा, २३ सप्टेंबर १८०३ च्या. एका बाजूला शिंद्यांच्या कवायती पलटणी, दुसऱ्या बाजूला इंग्रजांचे मद्रासचे शिपाई आणि ७४ व ७८ क्रमांकाच्या स्कॉटिश पलटणी. मिळून १२० पायदळ. विक्रेत्याचं म्हणणं असं: इंग्लंडच्या नामांकित कंपनीचं मूळ धातूचं कास्टिंग (ओतकाम), व्यावसायिक माणसाकडून रंगवून घेतलेलं, पोशाखाचं संशोधन करून, आणि परदेशी निघालेल्या संग्राहकानं विकायला काढलेलं. किंमत ४८,००० रुपये, म्हणजे नगाला ४००.

पहिला संशय इथंच यायला हवा होता. धातूची कोरी फिगर इंग्लंडहून मागवली की टपाल आणि सीमाशुल्क धरून ती रंगाचा थेंब न लागताच दोनशे-अडीचशेच्या पुढे जाते. रंगकाम म्हणजे साफसफाई, प्रायमर (रंग धरवणारा पहिला थर), मूळ रंग, वॉश (खोबणींत सावली आणणारा पातळ रंग), हायलाइट (उठावावरचा फिका रंग), वॉर्निश आणि बेस (पायाखालची चकती). नीट केलं तर एका सैनिकाला दीड-दोन तास जातात. एवढं सगळं उरलेल्या दीडशे रुपयांत कुणी करून देत नाही. ज्याला खरंच घाई आहे तो माणूस स्वस्तात विकतो, हे खरं. पण असा माणूस माल दाखवायला कां-कूं करत नाही, आणि इथं ती भरपूर झाली.

म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराच्या गर्दीत खोकी ताब्यात दिली गेली. थर्माकोलमध्ये पक्की बसवलेली, वरून टेप मारलेली, पावसाची भुरभुर चालू. दहा हजार आधीच यूपीआयनं गेले होते, उरलेले खोकी उघडण्याआधी मागितले. हाताला वजन बरोबर वाटलं म्हणून पैसे दिले गेले. सगळी हातचलाखी त्या वजनातच होती.

नंतर प्रत्येक फिगर तपासली. १२० पैकी मूळ कंपनीच्या निघाल्या ११. त्यात बहुतेक अधिकारी आणि निशाणबरदार होते, म्हणजे फोटोत पुढं दिसणारे. ६८ थ्रीडी प्रिंटरवर काढलेल्या रेझिनच्या, म्हणजे द्रवापासून घट्ट केलेल्या प्लॅस्टिकसारख्या पदार्थाच्या होत्या. उरलेल्या ४१ घरी साचा करून शिशात ओतलेल्या नकला होत्या.

आधी रेझिनचं सांगतो. २८ मिमीची धातूची उभी फिगर साधारण १२ ते १८ ग्रॅमची असते, तेवढीच रेझिनची दोन-अडीच ग्रॅमची. हा फरक झाकायला २५ मिमीच्या गोल बेसखाली दहा नंबरच्या बोल्टचे दोन लोखंडी वॉशर एकावर एक चिकटवले होते. एक वॉशर साडेतीन ग्रॅमच्या आसपास. वर प्लास्टर, वाळू आणि स्टॅटिक ग्रास (नकली गवत). असा बेस चार-पाच मिमी जाड होतो. नेहमीचा बेस दोन-तीन मिमीचा असतो, तेव्हा जाड बेस दिसला की थांबावं.

हे पकडायला तीन गोष्टी पुरतात आणि त्यांतल्या दोनांना काहीच खर्च नाही. फिगर टेबलावर आडवी करून बोट सोडा. वजन बेसमध्ये असेल तर ती डुलत पुन्हा उभी राहायला बघते. धातूची आडवीच पडून राहते, कारण तिचं वजन धडात असतं. दुसरं, बेसचा भाग न धरता धड चिमटीत धरा. धातू थंड लागतो, रेझिन लागत नाही. तिसरं, छोटा निओडिमियम चुंबक. तो आधी सैनिकाच्या छातीला लावायचा, मग बेसच्या तळाला. कथील किंवा शिशाच्या मिश्रधातूला चुंबक कुठंच धरत नाही. बेसला धरला तर लोखंड आहे, पण तेवढ्यावर कुणाला चोर ठरवू नये. पेटीत सैनिक घट्ट राहावेत म्हणून अनेक प्रामाणिक खेळाडू बेसखाली वॉशर किंवा चुंबकी शीट लावतात. ते मात्र एकच लावतात, आणि विचारल्यावर लगेच सांगतात.

रेझिनची आणखी एक खूण कातडी पट्ट्यांच्या आणि पाठपिशवीच्या सपाट भागावर दिसते. दिवा बाजूनं, जवळजवळ आडवा धरला की बारीक समांतर रेषा उमटतात, ०.०५ मिमीच्या थरांच्या. दंडाच्या खाली, पिशवीच्या बुडाला, टोपीच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढे खळगे किंवा पुटकुळ्या असतात. प्रिंट करताना लावलेले आधार तोडल्याच्या त्या जागा. या लॉटमध्ये रेषा लपवायला पॉलियुरेथेनच्या तपकिरी डिपमध्ये फिगर बुडवून वर जाड ग्लॉस वॉर्निश दिलं होतं. डिप हे चांगलं तंत्र आहे, फौज झटपट मैदानात आणायला आम्हीही वापरतो. पण त्यावर मॅट वॉर्निश न देता चकचकीतच सोडलं असेल, आणि विक्रेता त्याला 'खास शैली' म्हणत असेल, तर भिंग काढावं. संगीन लावलेल्या बंदुकीचं टोक नखानं हळूच दाबून बघा. धातू वाकतो आणि वाकलेला राहतो. नीट न पिकलेलं रेझिन लवचिक लागतं किंवा कट्‌कन तुटतं, आणि खोकं उघडताच त्याचा उग्र वास येतो.

ओतलेल्या नकला पकडणं अवघड, कारण त्या खरोखर धातूच्याच असतात. मूळ कंपन्या व्हल्कनाइज्ड रबराच्या साच्यात फिरत्या यंत्रावर ओतकाम करतात. नक्कल करणारा विकत घेतलेल्या फिगरलाच नमुना धरून सिलिकॉनचा साचा करतो. त्यामुळं मूळ साच्याची जोडरेषा (साच्याचे दोन भाग जुळतात तिथली बारीक उंच रेघ) नकलेतही उतरते आणि नव्या साच्याची आपली दुसरी उमटते. एकाच पायावर दोन जोडरेषा दिसल्या, एक बाहेरच्या कडेला आणि एक जराशी पुढं, तर तो माल बहुधा नक्कल. या लॉटमधल्या शिपायांच्या उजव्या पायावर ती दुसरी रेष नडगीवरून चढून जांघियेत शिरत होती. रंगवणाऱ्यानं तिच्यावर पांढऱ्याचा हायलाइट ओढून तिची चुणी केली होती.

बाकीच्या खुणा हवेच्या आणि आकसण्याच्या. हनुवटीखाली, बोटांच्या टोकांना, पट्ट्याच्या बकलवर हवेचे फुगे अडकतात आणि तिथं खळगे पडतात. दंड आणि छाती यांच्यामधली फट, बंदूक आणि खांदा यांच्यामधली फट भरून आलेली असते, कारण आतल्या बाजूचं सिलिकॉन साच्यातून काढताना फाटतं. बटणं असतात, पण मोजता येत नाहीत. उंची एक-दोन टक्क्यांनी घटते, म्हणजे २८ मिमीला फार तर अर्धा मिमी. हे डिजिटल व्हर्नियरवर दिसतं, पण एका फिगरवर विसंबू नका. पाय जरा वाकला तरी तेवढा फरक पडतो. एकाच पोजच्या चार-पाच घ्या, तळव्यापासून डोळ्यापर्यंत मोजा, आणि जवळ असलेल्या खात्रीच्या फिगरशी ताडून पाहा. पायाखालच्या पट्टीवर कंपनीची खूण किंवा क्रमांक असतो. तो घासलेला किंवा फेविक्विक आणि वाळूखाली गाडलेला असेल तर का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

शंका पूर्ण फेडायची असेल तर घनता काढा. सोनाराकडं असतो तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा हजाराच्या आत येतो. बेस काढलेली फिगर आधी कोरडी तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. फिगर शिवणाच्या दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडवून अधांतरी धरा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आता काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घनसेंटिमीटर तिचं आकारमान. कोरड्या वजनाला त्या आकड्यानं भागा. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर पट्ट्यांना बुडबुडे चिकटून आकडा चुकतो. या लॉटमधला खरा अधिकारी कोरडा १४.६२ ग्रॅम, पाण्यात १.९६, भागाकार ७.४६, म्हणजे कथीलप्रधान मिश्रधातू. नकली शिपाई २०.६६ आणि १.९४, म्हणजे १०.६५, जवळजवळ निव्वळ शिसं. रेझिनचा २.३० आणि १.९५, म्हणजे १.१८. शुद्ध कथील ७.३ वर बसतं आणि शुद्ध शिसं ११.३ वर, हे दोन आकडे लक्षात ठेवले की पुरे.

एक सावधगिरी इथं हवी. शिसं निघालं म्हणजे नक्कल, असं सरसकट म्हणता येत नाही. १९९० च्या दशकात अनेक कंपन्या शिशापासून दूर गेल्या. त्याआधीच्या अस्सल फिगरमध्येही शिसं भरपूर आहे. पण कंपनी आज ती श्रेणी शिशाविना काढत असेल, आणि विक्रेता 'गेल्या वर्षी मागवलेली' म्हणत असेल, तर १०.६५ हा आकडा त्याच्या तोंडावर ठेवता येतो. असं शिसं मासेमारीच्या जाळ्याच्या वजनांतून किंवा टायर बॅलन्सिंगच्या तुकड्यांतून किलोवर मिळतं. शिशाची उघडी कड कोऱ्या कागदावर ओढली की पेन्सिलीसारखी करडी रेघ उठते.

या ४१ नकलांनी आषाढातच दगा दिला. लाकडी काचकपाटात ठेवलेल्या शिपायांच्या घोट्यांपाशी रंग फुगला आणि खालून पांढरी भुकटी बाहेर आली. विक्रेत्यानं ऐकवलं की हा 'टिनचा रोग' आहे, गोव्याच्या दमटपणामुळं होतो, माल चांगला आहे. हे धादांत खोटं. टिनचा रोग, म्हणजे थंडीत कथलाची भुकटी होणं, १३ अंश सेल्सिअसच्या खाली सुरू होतो, गोव्यातल्या कपाटाचा त्याच्याशी काय संबंध? ती पांढरी भुकटी शिशाच्या कार्बोनेटची होती. लाकूड, प्लायवूड, एमडीएफ, पुठ्ठा यांतून आणि पांढऱ्या गोंदातून ॲसेटिक ॲसिडची वाफ सुटते. दमट बंद हवेत ती शिशाला खाते, आणि एकदा सुरू झालं की आतपर्यंत जातं. ज्यांच्याकडं खरे जुने शिशाचे सैनिक आहेत त्यांनी ते लाकडी कपाटातून आजच काढावेत. पत्र्याच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पेटीत सिलिका जेल टाकून ठेवावेत, आणि जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला घोटे व बेसचा सांधा बघावा.

भुकटी फुंकू नका, विषारी असते. हातमोजे घालून ओल्या कापडानं टिपा आणि कापड पिशवीत बांधून टाका. शिशाला कोरडी कानस लावू नका. ब्रशचं टोक ओठांनी जुळवायची अनेक रंगवणाऱ्यांना सवय असते, ती अशा फिगरवर काम करताना मोडलीच पाहिजे. घरात लहान मूल असेल तर या ४१ सारख्या नकला घरात ठेवूच नयेत.

'संशोधन करून रंगवलेलं' हा दावा तपासायला पुस्तकांचं कपाट लागत नाही. १८०३ च्या मद्रास शिपायाच्या पायांत आखूड जांघिया असते आणि खालचा पाय उघडा. या लॉटमध्ये लांब पँट घातलेले शिपाई मिसळले होते. ते १८५७ च्या बंडाच्या श्रेणीतले, नुसते लाल रंगवून १८०३ चे केलेले. त्यांच्या बंदुकांना चकमकीच्या दगडाचा चाप नव्हता, बंदुकीवरच्या स्फोटक टोपीवर (पर्कशन कॅप) आपटणारा नंतरच्या काळातला घोडा होता. २८ मिमीवर भिंगाखाली तो साफ दिसतो. निशाणांचंही तसंच. १८०१ पासून ब्रिटिश युनियन ध्वजात सेंट पॅट्रिकचा तिरका लाल क्रॉस आला; तो नसलेलं निशाण १८०३ च्या पलटणीच्या हातात नको. संभाजी महाराजांच्या १६८३ च्या फोंड्याच्या लढाईसाठी 'खास गोव्याचे पोर्तुगीज' म्हणून असाच माल दाखवला जातोय. बघितला तर ते तीस वर्षांच्या युद्धाचे, म्हणजे १६३०-४० च्या सुमाराचे युरोपीय बंदूकधारी आहेत. पर्याय म्हणून कुणीही वापरावेत, पण 'खास' म्हणून दुप्पट पैसे का द्यायचे?

रंगाखाली काय आहे ते बघायला एक फिगर सोलायची असेल तर धातूला ॲसिटोन चालतं. प्लॅस्टिक किंवा रेझिनची शंका असेल तर ॲसिटोन लावू नका, ते प्लॅस्टिक विरघळवतं आणि रेझिन बिघडवतं. डेटॉलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, जुन्या टूथब्रशनं घासा, आणि रंग पूर्ण सुटेपर्यंत पाणी लागू देऊ नका. पाणी लागलं की सगळा रंग चिकट पांढऱ्या लगद्यासारखा पटलांत बसतो.

फोटोंचा प्रकार वेगळाच. जाहिरातीतले निम्मे फोटो परदेशातल्या एका रंगवणाऱ्याचे होते. उलट प्रतिमा-शोध (फोटो टाकून तो आधी कुठं आलाय ते शोधणं) घेतला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. आता मागायचे ते फोटो असे: त्या दिवशीचा 'गोमन्तक' किंवा 'नवप्रभा' पसरून त्यावर ठेवलेली पलटण, तारीख दिसेल अशी. त्याच कागदावर पाच फिगर उलट्या, तळ वर करून. आणि काट्यावर ठेवलेली एक बेस काढलेली फिगर, आकड्यासह. या पाच फिगर कोणत्या ते तुम्ही सांगायचं, पहिल्या रांगेतल्या नकोत, तिसऱ्या-चौथ्या रांगेतल्या. बेस काढायला विक्रेता तयार नसेल, तर नमुन्याच्या दोन फिगर आधी विकत घ्या. आठशे रुपयांत शहाणपण मिळतं. कुरियरनं आलं तर खोक्याची टेप कापण्याआधीपासून अखंड व्हिडिओ घ्या.

पैसे टप्प्यानं द्या, आणि मोठा टप्पा माल तपासल्यानंतरचा ठेवा. या विक्रेत्यानं तक्रार झाल्यावर 'रिफंड' देतो म्हणून क्यूआर कोड पाठवला. तो स्कॅन करून पिन टाकला असता तर आणखी पैसे गेले असते. यूपीआयवर पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. दुसऱ्या एका खेळाडूला 'तुमचं इंग्लंडचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, एवढे भरा' असा फोन आला. टपालानं आलेल्या पार्सलचं शुल्क पोस्टातच पावतीवर भरायचं असतं, कुणाच्या खासगी खात्यावर नाही. सीमाशुल्क विभागाच्या पत्रावर डीआयएन (दस्तऐवज ओळख) क्रमांक असतो, तो विभागाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो.

पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि पोलिसांकडे जा. फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये येते. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, चॅट, व्यवहार क्रमांक, आणि घनतेचे आकडे काट्याच्या फोटोसह जोडा. 'धातूचं मूळ कास्टिंग' हे शब्द लेखी असतील तर काम सोपं होतं, म्हणून सौदा बोलण्यात झाला तरी शेवटी एक संदेश पाठवून ते शब्द कबूल करून घ्या. विक्रेता नेहमी असा माल विकत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं शुल्क नाही, आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते.

याच लॉटबरोबर 'कोलिन्स्की सेबल' (वीझल नावाच्या प्राण्याच्या केसांचे) म्हणून सहा ब्रश फुकट आले होते. केस टोकाला गडद तपकिरी, मध्ये पिवळसर, मुळाशी पुन्हा गडद. ते मुंगसाचे केस. मुंगूस वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. असे ब्रश विकणं आणि जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. असे ब्रश फुकट दिले तरी घेऊ नका.

हणजूणच्या बाजारात 'पोर्तुगीज काळातले शंभर वर्षांपूर्वीचे शिशाचे सैनिक' दिसतात, त्यांच्याबद्दल विचारणा होते म्हणून एवढंच: वस्तू खरंच शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार तिचा धंदा करायला परवाना लागतो. तो दाखवायला सांगा. आणि ५४ मिमीच्या जुन्या इंग्रजी सैनिकांत ब्रिटन्स कंपनीचे १८९३ पासूनचे पोकळ ओतलेले असतात; भरीव आणि जड असेल तर तो त्यांचा नव्हे.

या ४१ नकला आणि ६८ प्रिंट परत बाजारात जाऊ नयेत म्हणून प्रत्येकाचा बेस काढून पायाखालच्या पट्टीवर सुईनं 'प्रत' असं कोरलंय, आणि वर पातळ लॅकर दिलंय. वॉशरही काढून टाकलेत. रेझिनचे ६८ खेळात वापरले जातील; शिशाचे ४१ झाकणाच्या डब्यात बंद आहेत, पोलिसांनी मुद्देमाल म्हणून मागितले तर द्यायला.